गोठ्यातली सायकल

भाताची झोडणी उरकली असेल, पेंढा रचून झाला असेल. जरा हात मोकळे झालेत, म्हणून आज आम्ही तुम्हाला तुमच्याच गोठ्यात घेऊन जाणार आहोत. गाई-म्हशींकडे नको, मागच्या भिंतीकडे बघा. तिथे एक सायकल टेकून उभी आहे. टायर चपटे झालेत, सीटवर गोणपाट वाळत टाकलंय, हँडलला कुणीतरी विळा अडकवून ठेवलाय. काही घरांत ती गोठ्यात नसेल, तर माळ्यावर असेल, नाहीतर परड्यात शेवग्याच्या झाडाखाली गंजत पडली असेल. भंगारवाला आला की त्याला द्यायची, असं दर दिवाळीला ठरतं आणि राहून जातं.

ती देऊ नका, एवढंच सांगायला आज आम्ही आलो आहोत. पण नुसतं सांगून तुम्ही ऐकणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी या सायकलची हकिकत ऐका. ती कुठून आली, आपल्या मुळशीत कशी पोचली, तिच्यावर कोणाचं पोट भरलं, आणि त्या सगळ्यात आपण बायका कुठे होतो.

आजच्या सायकलचा जन्म इंग्लंडातला. तिच्या आधीच्या सायकलला पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं अगदी लहान असे. वर बसणारा पडला की तोंडावरच पडे. १८८५ साली कोव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन जवळपास सारख्या चाकांची, मागचं चाक चेननं फिरवणारी सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट शहरातले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवलेल्या हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपण ओळखतो ती सायकल झाली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, पण गोठ्यातल्या त्या सायकलचा सांगाडा बघा. मूळ बांधणी तीच आहे.

आपल्याकडे ती आली तेव्हा तिला पायगाडी म्हणत. ती विलायतेहून बोटीनं येई, त्यामुळे साहेब, वकील, डॉक्टर अशांनाच परवडे. देशात सायकली बनायला लागल्या तेव्हा चित्र बदललं. मुंबईत वरळीला १९३९ साली हिंद सायकल्स सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ, बंगालात आसनसोलला, हरियाणात सोनिपतला कारखाने निघाले. कमालिया हे गाव आज पाकिस्तानात आहे. तिथले मुंजाल बंधू आधी सायकलचे सुटे भाग विकत. त्यांनी १९५६ साली लुधियानात हिरो सायकल काढली. पुढे १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारा कारखाना म्हणून हिरोची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली.

या कारखान्यांनी आपल्यासारख्यांसाठी केलेली मोठी गोष्ट म्हणजे मापं सारखी ठेवली. ॲटलस घ्या, हिरो घ्या, एव्हॉन घ्या, काळी उंच सायकल सगळ्यांची जवळपास एकाच घडणीची. त्यामुळे एकीचं चाक दुसरीला बसतं, तिसरीचं पेडल चौथीला लागतं. लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांतून सुटे भाग देशभर जात आणि तालुक्याच्या बाजारातही मिळत. म्हणूनच गरीब माणसाला अख्खी सायकल विकत घ्यावी लागली नाही. कुणाच्या पडलेल्या सायकलचा सांगाडा आणायचा, चाकं दुसरीकडून, हँडल तिसरीकडून, आणि जोडून घ्यायची. पुण्याला मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून असे भाग आणून गावाकडे कितीतरी सायकली उभ्या राहिल्या. अशा सायकलचा रंग एक नसतो, चालताना ती चार आवाज काढते, पण जिथे जायचं तिथे नेते.

तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. कॉलेजची पोरं, कारकून, पोस्टमन, पेपर टाकणारे, सगळे सायकलवर. नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पैसे भरले की पत्र्याचा बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलीस धरत. आपल्याकडची जुनी माणसं अजून सांगतात, की भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे या भागातून पहाटे दुधाच्या किटल्या हँडलला आणि कॅरिअरला अडकवून माणसं पुण्याला जात. पहाटे घरातून निघताना सायकलचा कंदील पेटवायचा. चढ आला की उतरून ढकलायची, उतार आला की पाय सोडून बसायचं. ब्रेकचं रबर झिजलं असेल तर चपलेचा तळ चाकाला लावून थांबवायची. हसू नका, तेव्हाचा तोच ब्रेक.

पण आपल्या मुळशी-मावळच्या माणसांची सायकल पुण्यापेक्षा मुंबईत जास्त धावली. का, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पाऊस बक्कळ, पण शेत म्हणजे डोंगरउतारावरची भातखाचरं. वर्षात एक पीक, बाकी आठ महिने हाताला काम नाही. त्यात टाटांच्या धरणात चांगली जमीन गेली. त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी सत्याग्रह केला. मारहाण आणि तुरुंग सोसला, पण धरण झालं. मुंबईची वाट आधीही होती, नंतर ती आणखी रुळली. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी हमालीला. आणि मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली खूप माणसं डबे पोचवायच्या धंद्यात गेली.

मुंबईचे डबेवाले तुम्हाला माहीत आहेत. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, असं मानतात. १९५६ साली डबेवाल्यांच्या ट्रस्टची नोंदणी झाली. करोनाच्या आधी पाच हजारांच्या आसपास माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत, असं सांगितलं जाई. कामाची रीत अशी. सकाळी घराघरांतून डबे गोळा करायचे. पंचवीस-तीस डबे सायकलच्या हँडलला आणि कॅरिअरला लटकवून स्टेशन गाठायचं. तिथे डब्यांवरच्या रंगीत खुणा आणि अक्षरं बघून वाटणी करायची, लाकडी क्रेट डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढायचं. पलीकडच्या स्टेशनवर दुसरे गडी ते घेऊन कचेऱ्यांत पोचवणार. जेवणानंतर सगळं उलट्या वाटेनं परत.

आता नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. या धंद्यात नवा माणूस घ्यायचा तर त्यानं काय आणायचं, याचा त्यांच्यात रिवाज होता. दोन सायकली, एक लाकडी क्रेट, पांढरा सदरा-पायजमा आणि गांधी टोपी. म्हणजे या माणसांनी सायकलला भांडवल मानलं. आपण गटात महिन्याला बचत भरतो आणि त्यावर आपला हक्क उभा राहतो, तसा त्यांचा हक्क त्या सायकलींवर उभा राहिला. सायकली नव्या कोऱ्या हव्यात, असं कोणी म्हणत नव्हतं. चालल्या पाहिजेत, ओझं पेललं पाहिजे आणि बिघडल्या तर आपल्या हातानं दुरुस्त करता आल्या पाहिजेत, एवढंच.

आता आपलं बचत गटाचं कर्ज-रजिस्टर उघडा. कर्जाचं कारण या रकान्यात काय काय लिहिलेलं असतं? शेळी, म्हैस, शिलाई मशिन, पिठाची गिरणी, दवाखाना, घरदुरुस्ती, लग्न. आमच्या गटांची इतक्या वर्षांची रजिस्टरं आम्ही चाळली. मुलाच्या मोटरसायकलच्या पहिल्या हप्त्यासाठी कर्ज घेतलेलं सापडलं, एकदा नाही, अनेकदा. बाईनं स्वतःसाठी किंवा मुलीसाठी सायकल घ्यायला कर्ज घेतलं, अशी एक ओळ सापडली नाही. ज्या घरातल्या पुरुषांनी दोन सायकलींवर संसार उभा केला, त्याच घरातल्या बायका पाणवठा, रान, बाजार, बँक सगळं पायी करत राहिल्या. आपली जागा कॅरिअरवर. तीही नवऱ्याला वेळ असेल तेव्हा.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. जिथून सायकल आली, तिथेही बायकांनी ती चालवायला घेतली तेव्हा गहजब झाला. अठराशे नव्वदच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत काही डॉक्टर आणि पेपरवाले लिहीत, की सायकल चालवणाऱ्या बाईचा चेहरा ताणून कायमचा वेडावाकडा होतो. बायकांनी ते ऐकून घेतलं आणि सायकल चालवत राहिल्या. अमेरिकेत बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी आयुष्यभर लढलेल्या सुझन अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत सांगितलं, की बायकांना मोकळं करण्यात सायकलचा वाटा इतर कशाहूनही मोठा आहे. पुण्यातही पुढे शाळा-कॉलेजच्या मुली, शिक्षिका, नर्सबाई सायकलवर दिसायला लागल्या. आपल्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत मात्र ते पोचलं नाही.

जिथे ते गावागावांत पोचलं, अशा एका जिल्ह्याची हकिकत सांगतो. तामिळनाडूत पुदुकोट्टाई नावाचा जिल्हा आहे. दुष्काळी आणि गरीब. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची चळवळ सुरू झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षर शिकवायला जाणाऱ्या बायकांना गावोगाव पोचता यावं, म्हणून साक्षरतेच्या कामातच सायकल शिकणं घेतलं. मग शिकवणाऱ्याच काय, शिकायला येणाऱ्याही शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, सगळ्या. लाखाच्या आसपास ग्रामीण बायका सायकल शिकल्या. १९९२ साली महिला दिनानंतर दीड हजारांवर बायकांनी सायकलवरून फेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं तिथे जाऊन लिहून ठेवलं आहे. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बायकांच्या सायकली पुरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. आणि काहींना पुढे तीच जास्त पसंत पडली, कारण दांडीवर मूल बसवता येतं!

दुसरी हकिकत बिहारची. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घ्यायला दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तिसऱ्या हिश्शानं वाढली होती. सगळ्यात जास्त फरक कुठे पडला? जिथे हायस्कूल तीन किलोमीटरहून लांब होतं तिथे. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजना असतात, त्यांची चौकशी पौडला पंचायत समितीत करता येते. जरूर करा. पण योजनेचं पत्र येईपर्यंत शाळेचं वर्ष थांबत नाही. म्हणून आम्ही गोठ्याकडे वळलो.

झालं असं. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी आठवी पास झाली. गावची शाळा तिथे संपली. नववीचं हायस्कूल सहा किलोमीटरवर. सकाळची बस शाळा भरायच्या दीड तास आधी येते आणि संध्याकाळची बस शाळा सुटायच्या आत निघून जाते. पोरगी रोज बारा किलोमीटर चालायची. घरी आली की भांडी, पाणी, मग अभ्यासाला बसली की तिथेच झोपायची. दिवाळीनंतर घरात बोलणं सुरू झालं, की राहू दे आता, किती शिकायचं आहे. गटाच्या बैठकीत ताईंनी हे सांगितलं ते डोळ्यांत पाणी आणून नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्याचंच आम्हाला जास्त लागलं.

आम्ही म्हटलं, गटातून नव्या सायकलसाठी कर्ज देऊ. घरचे म्हणाले, आधीचं कर्ज फिटायचंय. तेही खरंच होतं. मग एकीनं विचारलं, तुमच्या गोठ्यात ती काळी सायकल कुणाची? ती मुलीच्या आजोबांची निघाली. आजोबा मुंबईत पस्तीस वर्षं डबे वाहून परत आलेले. येताना सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आणली आणि गोठ्यात टेकवली, ती तेव्हापासून तिथेच. आम्ही त्यांना विचारायला गेलो तर आधी रागावलेच. दांडीची सायकल पोरीच्या जातीला कशाला, लोक काय म्हणतील, पडली तर कोण बघणार. आम्ही वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की बाबा, ही चालू होईल का हो? त्यांनी चाक हातानं फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "गोळ्या गेल्यात. पाना आणा."

त्यानंतरचे दोन रविवार आमची शाळाच भरली. आजोबांनी सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली आणि एकेक भाग उकलून दाखवला. जे शिकलो ते तुम्हालाही सांगतो, कारण जुनी सायकल उभी करायची तर हेच लागतं.

पहिलं म्हणजे सांगाडा बघायचा. नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे चीर आहे का, आणि पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलाय का. चीर असेल तर ती सायकल सोडून द्या, वेल्डिंगवर भरवसा ठेवून चढ-उतारावर जाऊ नका. वरवरचा गंज काही करत नाही. काथ्या आणि रॉकेल घेऊन घासला की निघतो. दुसरं म्हणजे चाकं. चाक फिरवलं की एका जागी डावीकडे-उजवीकडे जातं, त्याला आऊट म्हणतात. ढिल्या तारा आवळून आणि ताणलेल्या सैल करून तो आऊट काढतात. हे हळूहळू जमतं. आम्हाला अजून नीट जमलेलं नाही. तिसरं म्हणजे गोळ्या. चाकांच्या मध्यात, पेडलच्या दांड्यात आणि हँडलच्या खाली लोखंडी बारीक गोळ्या असतात. त्या झिजल्या की करकर येते. जुन्या काढायच्या, धुऊन पुसून, ग्रीस भरून नव्या घालायच्या. या सगळ्या कामाला सायकलवाले ओव्हरऑइलिंग म्हणतात. पेडल मारताना टक-टक आवाज आला तर कॉटर पिन सैल झाली असं समजा. ती लगेच बदला, नाहीतर ती बसते ती भोकं खराब होतात.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेन मात्र जुनी वापरायची नाही. या चार गोष्टींत कंजुषी केली तर हात-पाय मोडतो. ब्रेकबद्दल आजोबांनी एक गोष्ट बजावून सांगितली. या सायकलींचा ब्रेक म्हणजे लोखंडी चाकावर रबर घासणं. चाक पावसानं भिजलं की पकड एकदम कमी होते. म्हणून ओल्यात उतारावर आधीपासून हळूहळू ब्रेक दाबत यायचं, शेवटच्या क्षणी नाही. हे आपल्याकडच्या पावसात लक्षात ठेवायलाच हवं.

सगळा खर्च नव्या सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसला. गटानं तो अंतर्गत कर्जातून दिला आणि रजिस्टरात कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं: सायकल दुरुस्ती, मुलीच्या शाळेसाठी.

मग शिकण्याचा भाग. मुलीची उंची कमी, पाय पोचेना. सीट अगदी खाली केली तरी दांडी आड येई. मग जुनी रीत, दांडीच्या खालून पाय घालून हाफ पायडल. आपल्या भावांनी लहानपणी असंच शिकलेलं आपण पाहिलंय. चार दिवसांत ती दांडीवर आली, आठवड्यात सीटवर. तिच्या मागे धावता धावता आमच्यातल्या काहींना हुरूप आला. वय तिशी-चाळिशीतलं, अंगात साडी. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर अंधार पडल्यावर जायचो, कोणी बघू नये म्हणून. पडलो, गुडघे फुटले. साडी चेनमध्ये अडकून फाटली, तेव्हा कळलं की चेनचं झाकण आणि मागच्या चाकाची जाळी ही शोभेची वस्तू नाही, ती आधी लावून घ्यावी. काही दिवसांनी अंधाराची वाट बघणं आपोआप बंद झालं. बघणारे बघून कंटाळले.

आता वेळेचा हिशेब करा, कारण आपल्या गटात हिशेबाशिवाय काही मान्य होत नाही. पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. साध्या सपाट रस्त्यावर सायकल आरामात दहा-बारा जाते. त्या मुलीचे रोजचे चालण्याचे अडीच-तीन तास होते, ते सव्वा तासावर आले. म्हणजे रोज दीड तास वाचला. आठवड्याचे सहा दिवस धरले तर नऊ तास. तो वेळ तिच्या अभ्यासाला आला, थोडा झोपेला आला, आणि खरं सांगायचं तर थोडा घरकामालाही गेला. आपल्या हिशेबात बचत म्हणजे पैसा. पण बाईच्या आयुष्यात सगळ्यात आधी संपतो तो वेळ, आणि तो वाचवणारी वस्तू भांडवलच आहे. डबेवाल्यांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी दोन सायकली आणायला सांगितल्या. एक बिघडली तर दुसरी. काम थांबता कामा नये.

आम्ही तुम्हाला फक्त गोड गोष्ट सांगून जाणार नाही. आपला तालुका सपाट नाही. पिरंगुटच्या घाटात भरल्या सायकलवर चढणं पुरुषांनाही जड, तिथे उतरून ढकलणं यात कमीपणा नाही. ताम्हिणीकडच्या वाड्यांत आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो, की सायकल काढायचीच नाही. आमची ती मुलगीही त्या दिवसांत चालत जाते, नाहीतर मावशीकडे राहते. आणि मोठा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९८४ साली त्याच हिरोनं जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि त्यांच्या मोटरसायकली गावोगाव पोचल्या. आपल्याच तालुक्यात हिंजवडीला मोठमोठ्या कंपन्या आल्या, पिरंगुटला कारखाने वाढले, खडी-मुरुमाचे डंपर वाढले. ते भरधाव जातात आणि सायकलवाल्याला रस्त्याच्या खाली उतरावं लागतं. त्या मुलीची आई अजून संध्याकाळी फाट्यावर येऊन उभी राहते. सायकलनं तिची ती काळजी मिटवली नाही. म्हणून आम्ही सांगतो, की शक्य तिथे आतले गावरस्ते धरा, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, घंटी चालू ठेवा, आणि दोघी-तिघींनी मिळून जा. रस्त्याच्या कडेला चालायला-सायकलला जागा सोडा, ही मागणी ग्रामसभेत मांडणंही आपलंच काम आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन कामं सांगतो. एक, आपल्या वाडीत किती जुन्या सायकली पडून आहेत त्याची मोजणी करा. आमच्या वाडीत मोजायला लागलो तेव्हा दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. दोन, ज्या सायकली अगदीच गेल्यात त्यांचेही भाग फेकू नका. तीन मोडक्या सायकलींतून एक धड सायकल होते. गटाच्या नावानं एक डबा ठेवा, त्यात पाना, पकड, पंक्चरचं सामान, हवेचा पंप. तीन, वाडीतल्या जुन्या माणसांना बोलवा. मुंबईत, पुण्यात सायकलवर आयुष्य घालवलेले आजोबा प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या हातात विद्या आहे, आणि ती विचारायला अजून कोणी आलेलं नाही.

आमच्या त्या आजोबांबद्दल शेवटचं सांगून थांबतो. पोरीची सायकल पंक्चर झाली की ते आता स्वतः काढत नाहीत. पाटावर बसतात आणि तिला काढायला लावतात. परवा तिनं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, घासून पॅच लावला, टायर बसवला. आजोबांनी हवा अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाले, "जरा आणखी भर."

पुढच्या बैठकीला याल तेव्हा घरच्या सायकलचं चाक एकदा हातानं फिरवून या. फिरतं का, कुठे अडतं, काय आवाज येतो, तेवढं आम्हाला सांगा. तिथून पुढचं आपण मिळून बघू.